डावीकडचा दोर

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मार्सेयच्या पानिए टेकडीवर पत्ते छापायच्या एका छोट्या कारखान्यात पिवळं जाकीट घातलेला एक माणूस शिरला. त्याच्यासोबत मिस्त्रालही, तिथला झोंबरा उत्तरी वारा, शिरला. वाराच आधी पोहोचला म्हटलं तरी चालेल, कारण माणसाने दार लावेपर्यंत दोरीवर वाळत घातलेले अकरा ताव जमिनीवर आले होते.

"दार!" क्लेलिया ओरडली.

"लावलं!"

"आता लावलं!"

दोघं गुडघ्यांवर बसून ताव गोळा करू लागली. एक ताव उडून कपाटाच्या माथ्याकडे गेला. त्याने उडी मारून तो पकडला आणि पळणारी कोंबडी धरावी तसा दोन्ही हातांनी छातीशी आवळला. शाई ओली होती. ताव सोडवून घेतल्यावर क्लेलियाने त्याच्या जाकिटाकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"काय झालं?"

"तुमच्या छातीवर चंद्र उमटलाय."

त्याने मान खाली घालून पाहिलं. चंद्र, चंद्राखाली भुंकणारी दोन कुत्री, सगळं उलटं. "निघतो का हा?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "कुत्री तरी झकास आलीत."

मग त्याने खिशातून एक पाकीट काढलं, पाकिटातून दोन पत्ते काढले आणि शेजारी शेजारी मेजावर ठेवले. दोन्ही पंधरा नंबरचे. दोन्ही सैतान.

"तक्रार आहे?" क्लेलियाने विचारलं.

"तक्रार नाही. प्रश्न आहे. यातला खरा कोणता?"

क्लेलिया त्या कारखान्यात नऊ वर्षं काम करत होती. टॅरोचे पत्ते तिथे अजून जुन्या पद्धतीने होतात: नासपतीच्या लाकडावर कोरलेला ठसा, त्याची काळी रेघ, आणि वर स्टेन्सिलने हाताने भरलेले रंग. ठसे ल्युसेतबाई कोरत. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, कारखाना त्यांचाच होता, आणि त्या सकाळी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्यामुळे उत्तर द्यायला क्लेलिया एकटीच होती.

तिने पत्त्यांकडे पाहिलं. उंचवट्यावर उभा सैतान, त्याच्या पायांशी दोन चेले, दोघांच्या गळ्यात दोर, आणि दोन्ही दोर मधल्या एका कडीत. उजवीकडच्या पत्त्यात. डावीकडच्या पत्त्यात मात्र एका चेल्याचा दोर कडीपर्यंत पोहोचतच नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढी जागा मोकळी होती. तिथे दोर नव्हता, नुसता लाल रंग होता.

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"हा एप्रिलमध्ये बहिणीने मला वाढदिवसाला दिला," तो सुट्या दोराच्या पत्त्यावर बोट ठेवत म्हणाला. "आणि हा कॅट मी तिच्यासाठी गेल्या आठवड्यात घेतला. सहज उघडून पाहिला. मी गास्पार. बंदरावर जहाजं बांधतो."

"बांधता म्हणजे... बनवता?"

"नाही हो. बांधतो. जहाज आलं की वरून दोर येतो, तो ओढून खुंटाला अडकवायचा. निघालं की सोडायचा. दिवसाला सहा-सात जहाजं. त्यामुळे हे असलं मला पटकन दिसतं." त्याचं नख त्या मोकळ्या जागेवर थांबलं. "हा दोर बांधलेला नाही. नुसता गळ्यात आहे. हा कधीही चालू पडू शकतो. तरी उभा आहे."

"तुम्ही पत्त्यांवर विश्वास ठेवता?"

"छे! रविवारी एक पत्ता काढतो आणि वहीत चार ओळी लिहितो, एवढंच. बहीण म्हणाली, डोकं साफ होतं. एप्रिलमध्ये सलग तीन रविवार हाच आला. तीन रविवार मी या चेल्याकडे पाहत बसलो. मग मे महिन्यात एक निर्णय घेतला." तो थांबला. "छापताना चूक झाली असेल तर सांगा. मी ऐकून घेईन. पण मग मला बराच विचार पुन्हा करावा लागेल."

वारा खिडकीच्या फटीतून शीळ घालत होता. त्याच्या भुवईवर मीठ सुकलेलं होतं. क्लेलियाला ते पुसावंसं वाटलं, आणि असं वाटल्याबरोबर तिचा गोंधळ उडाला.

"दोन पाठ आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जुन्या पत्त्यांत. एकात दोघंही बांधलेले, एकात डावीकडचा सुटा. आम्ही कधी हा छापतो, कधी तो." शब्द इतके सफाईने आले की तिचं तिलाच नवल वाटलं.

"म्हणजे मुद्दाम."

"...मुद्दाम."

गास्पारने श्वास सोडला. खांदे खाली आले. मग तो हसला. त्याचा एक दात जरासा तिरका होता, हे तिने नोंदवून ठेवलं. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

"गुरुवारी मला सुटी आहे," दारापाशी पोहोचल्यावर तो म्हणाला. "हा पत्ता कसा वाचायचा ते शिकवाल?"

"आधी दार कसं उघडायचं ते शिका."

*

खरी हकीकत अशी होती. फेब्रुवारीत सैतानाचा ठसा धुताना तो क्लेलियाच्या हातून नळाला लागला होता. कारण काही नव्हतं. पाणी गार होतं, बोटं बधिर होती. रेघेचा एक कपचा उडाला आणि मोरीतून वाहून गेला. ल्युसेतबाईंना सांगायला तिची जीभ रेटेना. नऊ वर्षांत तिच्या हातून एकही ठसा दुखावला नव्हता आणि बाई हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. तिने त्या जागेवरून लाल रंग जरा जाड फिरवला आणि साठ कॅट छापून बाहेर पाठवले. जूनमध्ये बाई आठ दिवस गावी गेल्या तेव्हा तिने लाकडाचा बारीक तुकडा बसवून रेघ पुन्हा कोरली.

साठ सैतान. त्यातला एक या माणसाच्या हाती लागला होता.

*

गुरुवारी तो अकराला आला. दार त्याने बोटभर उघडलं, अंग तिरकं करून आत सरकला आणि पाठीने बंद केलं. एकही ताव हलला नाही.

"शिकलात," क्लेलिया म्हणाली.

"घरी सराव केला." त्याच्या हातात संत्र्याच्या फुलांच्या वासाची, नावेच्या आकाराची बिस्किटं होती. जाकीट तेच होतं, चंद्रही होता. "बंदरावर आता मला चांदोबा म्हणतात. तुमची कृपा."

मागच्या खिडकीशी ल्युसेतबाई भिंग लावून कोरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता हात पुढे केला. गास्पारने त्या हातावर एक बिस्कीट ठेवलं. हात परत गेला.

"बसा," क्लेलिया म्हणाली. तिने सुट्या दोराचा पत्ता मधोमध ठेवला. "एक सांगून ठेवते. भविष्य सांगणारे खालच्या गल्लीत बसतात. आम्ही इथे नुसतं विचारतो."

"विचारा."

"या पत्त्यात तुम्ही कोण?"

"डावीकडचा."

"लगेच? सैतान का नाही?"

"सैतान?" तो गडबडला. "मी कशाला सैतान असेन?"

"तेच तर. लोक आधी आपल्याला आवडणारी जागा पकडतात. पत्त्यातलं जे अंगाला लावून घ्यायला नको वाटतं, ती आपली सावली. तिकडे पाहायचं."

गास्पारने पत्ता जवळ ओढला. त्याचे हात मोठे होते, तळव्यांना घट्टे पडलेले, आणि पत्ता मात्र त्याने कडेने, हलकेच धरला होता...

"सान्द्रा," तो शेवटी म्हणाला. "बास्तियाची, त्या पलीकडच्या बेटावरची. बुधवारी आणि शनिवारी सकाळी बोटीने यायची. त्या बोटीचा दोर मी बांधायचो. ती वरून हात हलवायची, मी खालून. पाच वर्षं चाललं. मग ती यायची थांबली. भांडण नाही, काही नाही. कमी कमी होत बंद."

"आणि तुम्ही?"

"मी पुढची दोन वर्षं बुधवार आणि शनिवारची पाळी मागून घेत राहिलो."

मागे कोरणीचा आवाज थांबला होता.

"मला वाटायचं, तिने मला बांधून ठेवलंय. मग एप्रिलमध्ये हा चेला आला. दोर सुटा आणि गडी जागच्या जागी. म्हटलं, अरे, मला तर कोणी बांधलेलंच नाही! मे महिन्यात पाळी बदलून घेतली." तो हसला, पण अर्धवटच. "आता तुम्ही म्हणता सैतानाकडे पाहा. पाहिलं. पाळीच्या कागदावर सही माझीच होती. म्हणजे दोर धरून मीच उभा होतो की काय?"

"हे मी नाही म्हटलं."

"तुम्ही फक्त विचारता."

"हो."

"फार वाईट धंदा आहे तुमचा." त्याने पत्ता तिच्याकडे सरकवला. "आता तुमची पाळी. तुम्हाला कोणत्या दोराने बांधलंय?"

"मला? डिंकाने. बोटं बघा."

तिने हात पुढे केला तो गमतीने. त्याने तो घेतला तो मात्र गमतीने नव्हे. डिंक आणि लाल रंगाने कडक झालेलं तिचं बोट त्याने अंगठ्याने एकदा चाचपलं, मोठ्या दोराचा पीळ चाचपावा तसं, आणि सोडून दिलं. दोघांनीही एकाच वेळी बिस्किटांकडे पाहिलं.

"तिचा मेसेज आलाय," तो बिस्किटांना उद्देशून म्हणाला. "सान्द्राचा. शनिवारी सकाळच्या बोटीने येतेय. म्हणते, बोलायचंय."

"मग तुम्ही...?"

"काही कळत नाही. आठवडाभर आधी कळत होतं. मंगळवारी तुम्ही म्हणालात, जुन्या पत्त्यांत दोन पाठ आहेत, हे मुद्दाम आहे. कोणीतरी विचार करून तो दोर सुटा ठेवलाय. तेव्हा जरा धीर आला. तुम्ही तसं म्हणाला नसतात ना, तर मी सरळ धरून चाललो असतो की चुकीचा पत्ता पाहून चांगल्या माणसाची वाट पाहायची सोडली." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या भरवशावर आहे म्हणायचं."

क्लेलियाच्या घशात बिस्कीट अडकलं. त्याने पाणी दिलं, पाठीवर थापही दिली. तिला वाटलं, हा माणूस आपल्याला आवडतो. लगेच पुढचं वाटलं, आणि आपण त्याला एका खोट्या वाक्याने बांधून ठेवलंय.

*

शुक्रवारी सकाळी साडेआठला ल्युसेतबाईंनी भिंग बाजूला ठेवलं.

"दोन पाठ," त्या म्हणाल्या. "कोणत्या जुन्या पत्त्यांत गं, पोरी? मी पन्नास वर्षं हेच करतेय. मला दाखव तरी."

क्लेलियाच्या हातातला ब्रश थांबला. "तुम्ही मंगळवारी इथे नव्हतात."

"काल होते. तो एवढा मोठ्याने बोलतो की डॉक्टरांनासुद्धा ऐकू गेलं असेल."

क्लेलियाने सगळं सांगितलं. नळ, कपचा, लाल रंग, साठ कॅट, जूनमधला तुकडा. बाईंनी कपाटातून सैतानाचा ठसा काढला, भिंगाखाली धरला आणि बसवलेला तुकडा नखाने तपासला.

"सांधा चांगला घातलायस. माझ्या लक्षात आला नाही. डोळे गेले माझे." मग त्यांचा आवाज चढला. "लाकूड तुटतं! लाकूड तुटण्यावरून मी तुला काय खाल्लं असतं का? पण तू लोकांना दोन पाठ सांगतेस? उद्या कोणीतरी ते खरं समजून दहाजणांना सांगेल!"

"सांगायचं होतं मला... नऊ वर्षं तुम्ही माझं कौतुक करत आलात."

"मग आता करणार नाही. सुटलीस."

त्या उठल्या, कॉफी ओतली, तिच्यापुढेही एक कप आदळला.

"एकदा माझ्या हातून सम्राटाचं नाक गेलं," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "ऐंशी कॅट बिननाकाचे गेले बाहेर. लील शहराहून एका बाईचं चार पानी पत्र आलं. सम्राटाला नाक नाही, म्हणजे त्याला स्वतःच्या घरातला वास येत नाही, आणि माझंही तसंच झालंय, वगैरे वगैरे. चार पानं, क्लेलिया!"

"तुम्ही काय केलंत?"

"कळवलं. म्हटलं, बाई, ते नाक माझ्या हातून तुटलं, त्यात काही अर्थ नाही."

"मग?"

"तिचं उत्तर आलं. एकच ओळ. 'ते तुमच्यापुरतं.'" ल्युसेतबाईंनी साखर ढवळली. "पण मी कळवलं होतं. तिने ठरवलं ते सगळं माहीत असताना ठरवलं. तुझ्या त्या चांदोबाला तू काहीच माहीत होऊ देत नाहीयेस."

"तो माझा नाही."

"बरं. नसेल. कोट घालून जा, वारा आहे."

*

जोलिएतच्या धक्क्यावर क्लेलिया पावणेबाराला पोहोचली. मिस्त्रालमुळे दोन जहाजं बाहेरच थांबली होती. दोर बांधणारी माणसं पत्र्याच्या खोपीच्या आडोशाला बसून पाव खात होती. तिला पाहताच एकजण ओरडला, "ए चांदोबा! तुझा छापखाना आला बघ!"

गास्पार तोंड पुसत उठला. तो इतका खुश दिसत होता की ती आपलं पहिलं वाक्यच विसरली.

"इथे? या वाऱ्यात?"

"मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नका, नाहीतर राहून जाईल."

"बोला. पण आधी पाय काढा."

"काय?"

तिने खाली पाहिलं. ती एका जाड दोराच्या वेटोळ्याच्या मधोमध उभी होती. त्याने तिचं कोपर धरलं आणि तिला अलगद बाहेर घेतलं.

"वेटोळ्यात उभं राहायचं नाही. पहिल्या दिवशीचा पहिला धडा. दोराला एकदा ओढ बसली की माणूस दिसत नाही त्याला." कोपर त्याने सोडलं नव्हतं. "हं. बोला."

"दोन पाठ नाहीत," क्लेलिया म्हणाली. "कधीच नव्हते. तुमचा पत्ता चुकलेला आहे. फेब्रुवारीत माझ्या हातून ठसा तुटला, मी तो लपवला, आणि मंगळवारी तुमच्याशी खोटं बोलले. दोन्ही दोर बांधलेलेच असतात."

कोपरावरचा हात गेला.

"तुटला... कसा?"

"नळाला लागला."

"नळाला."

"हो."

"पाण्याच्या नळाला?"

"हो, गास्पार, पाण्याच्याच."

त्याने समुद्राकडे पाहिलं. बाहेर थांबलेली जहाजं वाऱ्यात नाकं वळवून उभी होती. "म्हणजे मी तीन रविवार जे पाहत बसलो होतो..." तो म्हणाला. "वहीत अकरा पानं लिहिलीत मी. नळावर."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. वाऱ्याने डोळ्यांत आधीच पाणी होतं, त्यामुळे यातलं काय दिसलं हे कळायला मार्ग नव्हता.

"खोटं का बोललात?"

"आधी भीती होती. चूक कबूल करायची मला सवय नाही. नंतर..." ती थांबली. पुढचं वाक्य सांगायचं तिने ठरवलं नव्हतं. "गुरुवारी तुम्ही सान्द्राबद्दल बोललात. त्यानंतर खोटं तसंच राहिलेलं बरं, असं मला वाटलं. माझ्यासाठी बरं. तुमच्यासाठी नाही. म्हणून आले."

"तुमच्यासाठी कसं बरं?"

"हे मी विचारते. तुम्ही नाही."

एक क्षण त्याचा तो तिरका दात दिसला आणि गेला. त्याने चेहरा दोन्ही हातांनी चोळला. "माझ्या डोक्यात आता काहीही सरळ नाही, क्लेलिया. तुमच्यावर रागावायला हवंय, ते जमत नाहीये. सान्द्रा उद्या सातला येतेय. आणि मी उद्याची पाळी घेतलीय."

"घेतलीत?"

"कालच घेतली. का घेतली, विचारू नका. तुम्ही आता विचारूच नका."

खोपीतून हाक आली. वारा किंचित पडला होता, पहिलं जहाज आत येत होतं. गास्पारने पाकीट काढलं, त्यातून एक पत्ता ओढला आणि तिच्या हातात कोंबला. तो त्याने पाहिलाही नाही. मग तो पळाला.

क्लेलियाने पत्ता कोटाच्या खिशात ठेवला आणि कॅथेड्रलच्या पायऱ्या चढून, भिंतीचा आडोसा मिळाल्यावरच बाहेर काढला. दोन्ही चेले कडीला नीट बांधलेले होते. बरोबर छापलेला पत्ता तिच्याकडे आला होता, चुकलेला त्याच्याकडे राहिला होता. निवडून की हाताला लागला म्हणून, हे तिला ठरवता येईना.

*

शनिवारी वारा पडला. बास्तियाची बोट सात वाजून दहा मिनिटांनी धक्क्याला लागली. क्लेलिया कॅथेड्रलसमोरच्या कठड्यापाशी होती. आपण इथे फिरायला आलो आहोत, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

खाली चार पिवळी जाकिटं होती. एवढ्या उंचावरून चंद्र दिसत नव्हता, पण गास्पार ओळखू आला. त्याने दोर ओढला, फास खुंटात टाकला, वर पाहिलं. हात हलवला नाही. निदान तिला दिसला नाही.

माणसं उतरू लागली. हिरव्या कोटातली, एक छोटी बॅग घेतलेली बाई त्याच्यापाशी येऊन थांबली. दोघं सहा मिनिटं बोलली. बाईने त्याच्या छातीवरच्या चंद्राला बोट लावून काहीतरी विचारलं, आणि तो सांगू लागला, हातवारे करत. मग एक मालट्रक मध्ये आला. ट्रक हलला तेव्हा तिथे दोघंही नव्हती.

आठला क्लेलिया कारखान्यात होती. आठ वाजून अकरा मिनिटांनी तिचा फोन वाजला. तिने मेसेज वाचला, पुन्हा वाचला आणि फोन ल्युसेतबाईंपुढे धरला. बाईंनी भिंग घेतलं.

"'नऊला सुटतो. तू कारखान्यात आहेस का? दोराचं सांगायचंय,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "मग? आहेस ना कारखान्यात?"

"'तू' म्हणालाय."

"हं."

"मंगळवारपासून 'तुम्ही' म्हणत होता, बाई. कालसुद्धा."

"बंदरावर ते सगळ्यांनाच तू म्हणतात. क्रेनलासुद्धा."

"म्हणजे काहीच अर्थ नाही?"

"मला काय विचारतेस? मी त्याची आई आहे?" बाईंनी कपाट उघडलं आणि सैतानाचा ठसा तिच्यापुढे ठेवला. "आज याचे शंभर छापायचेत. तू बसवलेला तुकडा टाचणीने निघेल. ठेवायचा की काढायचा, तू ठरव. फक्त जे छापशील ते डब्यावर लिहायचं. मुद्दाम तर मुद्दाम, नळ तर नळ."

क्लेलियाने फोनवर "आहे" असं लिहिलं. हा एक शब्द लिहायला तिला चार मिनिटं लागली. मग तिने शाई घोटली. टाचणी काढून ठशाशेजारी ठेवली. कालचा पत्ता समोर टेकवून ठेवला आणि त्या दोन बांधलेल्या चेल्यांकडे पाहत राहिली. डावीकडचा आज तिला जरा आपल्यासारखा दिसत होता. मग उजवीकडचाही दिसू लागला. मग तिने पाहायचं बंद केलं.

नऊ वाजले. ठशाला शाई लागलेली नव्हती.

नऊ वाजून सतरा मिनिटांनी गल्लीच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. वारा नसल्यामुळे ती स्पष्ट ऐकू येत होती, तरी एकाची आहेत की दोघांची हे तिला सांगता येईना. पावलं दारापाशी थांबली. कडी हलली, पण दार उघडलं नाही.

"ताव वाळत घातलेस का?" बाहेरून गास्पारने विचारलं. "का येऊ सरळ?"

दोरीवर एकही ताव नव्हता. "ये सरळ," क्लेलिया म्हणाली.